6 जून 1882 : मुंबईवर कधीच न आलेले चक्रीवादळ, आणि जी आली ती

जून 2020 च्या पहिल्या आठवड्यात अरबी समुद्रात ‘निसर्ग’ चक्रीवादळ मुंबईच्या दिशेने सरकू लागले, तेव्हा एक जुनी तारीख अचानक सर्वत्र फिरू लागली : 6 जून 1882. त्या दिवशी मुंबईवर महाभयंकर चक्रीवादळ कोसळले, समुद्र शहरात शिरला आणि एक लाखाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, अशी ती कथा. जगातील सर्वांत प्राणघातक चक्रीवादळांच्या अनेक याद्यांत तिला स्थान आहे. पुस्तकांत आहे, संकेतस्थळांवर तर आहेच.

अडचण एवढीच, की हे वादळ झालेच नव्हते.

कोलंबिया विद्यापीठातील हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅडम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईला असलेल्या चक्रीवादळांच्या धोक्याचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात त्यांना या घटनेचाही माग काढावा लागला, आणि निष्कर्ष निघाला तो असा की 1882 ची ही घटना खरी मानण्यास आधार नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र एवढ्यावर समाधान मानू नये. हा दावा खोटा कसा ठरतो हे तपासणे, तो खोटा आहे हे कळण्यापेक्षा अधिक उद्बोधक आहे.

प्रथम संख्या. 1881 च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या 7,73,196 होती. त्यातून एक लाख वजा करायचे म्हणजे दर आठ माणसांतील एक माणूस एका दिवसात नाहीसा झाला असे मानायचे. 1891 च्या जनगणनेत ही संख्या 8,21,764 भरली. येथे एखादा शंकेखोर वाचक म्हणेल की मागील दशकात वाढ जवळजवळ 1 लाख 29 हजारांची होती आणि या दशकात ती पन्नास हजारांच्याही आत आली, मग काहीतरी घडलेच असेल. शंका रास्त आहे. स्थलांतरितांच्या शहरात केवळ जनगणनेवरून असा निवाडा करता येत नाही. म्हणून तुलनेसाठी एक खरी आपत्ती घ्यावी. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. माणसे मेली, त्याहून अधिक पळाली, आणि 1901 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या घटून 7,76,006 वर आली. त्या प्लेगने केवळ आकडा मागे ठेवला नाही. त्याने कायदे, इस्पितळे, अहवाल, दंगे, पुण्यातील रँडचा वध आणि 1898 चा मुंबई सुधार ट्रस्ट असा प्रचंड कागदोपत्री आणि दगडमातीचा ठसा मागे ठेवला. एक लाख माणसे गिळणारे वादळ यांपैकी काहीच मागे न ठेवता निघून जाईल, हे संभवत नाही.

दुसरा पुरावा त्याच वर्षीच्या मुंबईत आहे. 1882 च्या जुलैमध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात एक गाजलेला खटला चालला. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या छळाच्या प्रकरणात दिवाण माधवराव बर्वे यांची बदनामी केल्याबद्दल ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांवरील हा खटला. बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले आणि ऑक्टोबरच्या अखेरीस ते सुटले, तेव्हा लोकांनी त्यांचे स्वागत केले. हे सारे ज्या शहरात घडले, त्या शहरात अवघ्या दीड महिन्यापूर्वी एक लाख प्रेते पडली होती असे मानायचे काय? न्यायालय भरत होते, साक्षी होत होत्या, पत्रे छापली जात होती. मुंबईत त्या काळी इंग्रजी, गुजराती आणि मराठी वृत्तपत्रांची उणीव नव्हती.

तिसरा पुरावा यंत्रांचा. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या चाळिशीपासून हवेच्या दाबाची आणि हवामानाची नियमित निरीक्षणे घेतली जात होती. भारतीय हवामान खाते 1875 मध्ये स्थापन झाले होते. अपोलो बंदरावर भरती-ओहोटीची पातळी मोजणाऱ्या उपकरणाच्या नोंदी 1878 पासून मिळतात. म्हणजे ज्या समुद्राने शहर बुडविले असे म्हटले जाते, त्या समुद्राची उंची मोजणारे यंत्र त्याच किनाऱ्यावर उभे होते.

मग ही कथा इतकी सहज का पटली? एक कारण असे दिसते की अशा संहाराची उदाहरणे भारतीय उपखंडात खरोखर घडलेली होती, परंतु ती दुसऱ्या समुद्रावर. 1864 मध्ये कलकत्त्याला झोडपणाऱ्या चक्रीवादळात सुमारे साठ हजार माणसे गेली. 1876 मध्ये बंगालमधील बाकरगंजच्या वादळाने आणि त्यामागून आलेल्या रोगराईने व उपासमारीने दोन लाखांच्या घरात बळी घेतले. ‘सायक्लोन’ हा शब्दच मुळी कलकत्त्यात बसून हेन्री पिडिंग्टन याने 1848 च्या सुमारास रूढ केला. बंगालच्या उपसागराचा आकडा मुंबईच्या नावावर जमा झाला, तर ऐकणाऱ्याला तो विसंगत वाटत नाही. शिवाय जूनचा पहिला आठवडा हा अरबी समुद्रात वादळाचा काळ आहेच. खोट्या दाव्याची तारीख अगदी बरोबर निवडलेली आहे, असे म्हणावे लागते.

या खोट्या वादळाने केलेले खरे नुकसान वेगळेच आहे. त्याने खऱ्या वादळांची आठवण झाकून टाकली.

15 मे 1618 रोजी वसई आणि मुंबईच्या परिसरात आलेल्या वादळाची वर्णने पोर्तुगीज नोंदींतून मिळतात. समुद्र वस्तीत घुसला, चर्चची छपरे उडाली, ताडामाडांची बने आडवी झाली. 1 नोव्हेंबर 1854 च्या वादळाने तर मुंबईत सुमारे चार तासांत पाच लाख पौंडांची मालमत्ता नष्ट केली आणि हजार माणसांचा बळी घेतला असे नोंदलेले आहे. शंभराचे हजार आणि हजाराचे लाख करण्याची मुळीच गरज नव्हती. मुंबईकडे स्वतःची आपत्ती होती. ती विसरली गेली, आणि उसनी आपत्ती लक्षात राहिली.

त्यानंतरचे 22 नोव्हेंबर 1948. स्वातंत्र्यानंतरचा दुसरा हिवाळा उंबरठ्यावर होता. त्या दिवशीच्या चक्रीवादळात मुंबईत वाऱ्याचा झोत ताशी 151 किलोमीटरपर्यंत पोहोचला, 38 माणसे मृत्युमुखी पडली आणि 47 बेपत्ता झाली. जून 2020 मध्ये ‘129 वर्षांनंतर प्रथमच’ असे मथळे छापले जात होते. ते जून महिन्यापुरते आणि 1891 च्या संदर्भात होते, परंतु वाचणाऱ्यांच्या मनात मुंबईने शतकभर वादळच पाहिले नाही असा समज रुजला. त्या वेळी 1948 चे वादळ पाहिलेली माणसे शहरात हयात होती.

आता ‘थोडक्यात बचावणे’ म्हणजे नेमके काय, ते पाहणे आवश्यक आहे, कारण त्याचे गणित केवळ अंतराचे नाही.

मराठीत ‘वादळ’ हा एकच शब्द फार भिन्न गोष्टींना लावला जातो. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, जालना जिल्ह्यातील हसनाबादसारख्या गावी वादळ म्हणजे वळवाचा सोसाट्याचा वारा, पत्रे उडविणारी वावटळ, पिके झोपविणारी गारपीट. वावटळ काही मिनिटांची आणि काही हातांच्या रुंदीची. टोर्नेडो हा गडगडाटी ढगातून जमिनीपर्यंत उतरणारा त्याहून कितीतरी प्रबळ भोवरा, पण त्याचाही पट्टा अरुंद. या दोहोंतून सुटणे म्हणजे खरोखरच चार पावले इकडे किंवा तिकडे असणे. चक्रीवादळ मात्र शेकडो किलोमीटर पसरलेले असते आणि उबदार समुद्रावर पोसले जाते. त्यातून चार पावलांनी सुटता येत नाही. तेथे प्रश्न असतो बाजूचा.

उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. वादळ पश्चिमेकडून कोकण किनाऱ्याला धडकले, तर केंद्राच्या दक्षिणेकडील वारे समुद्राकडून जमिनीकडे वाहतात आणि पाणी किनाऱ्यावर लोटतात. केंद्राच्या उत्तरेस मात्र वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, म्हणून तेथे समुद्राचे पाणी त्याच प्रमाणात चढत नाही. म्हणजेच वादळ मुंबईच्या दक्षिणेस धडकले तर शहर सौम्य बाजूस राहते. तेच वादळ मुंबईच्या किंचित उत्तरेस, समजा वसईजवळ धडकले, तर मुंबई संहारक बाजूस येते. सात बेटांमधील खाड्या आणि दलदली भरून उभ्या राहिलेल्या, भरतीच्या पातळीच्या आसपास असलेल्या वस्त्यांसाठी या दोहोंतील फरक फार मोठा आहे.

11 नोव्हेंबर 2009 रोजी ‘फयान’ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आले, तेही कमजोर होत असताना. शहरात फारसे काही घडले नाही. कोकणातील कित्येक मच्छीमार मात्र त्या समुद्रातून परतले नाहीत. मुंबईच्या स्मरणात ‘फयान’ नाही, रत्नागिरीच्या बंदरांवर आहे.

3 जून 2020 रोजी दुपारी ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. करोनाच्या साथीने शहर आधीच घायकुतीला आले होते, आणि वांद्रे-कुर्ला संकुलातील तात्पुरत्या रुग्णालयातून सुमारे दीडशे रुग्ण ऐन वेळी हलवावे लागले होते. वादळाचे केंद्र शहरापासून शंभर किलोमीटरही दूर नव्हते. पण ते दक्षिणेस होते. मुंबई सौम्य बाजूस राहिली आणि संध्याकाळपर्यंत ‘मुंबई बचावली’ अशा बातम्या सुरू झाल्या.

त्याच संध्याकाळी दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मुरूड आणि त्यापलीकडे दापोली-मंडणगडापर्यंत घरांवरची कौले आणि पत्रे उडालेले होते. विजेचे खांब जमिनीवर होते आणि पुढे कित्येक दिवस, काही गावांत कित्येक आठवडे, अंधार राहिला. नारळी-पोफळीच्या वाड्या मुळासकट उपटल्या गेल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी ज्या पोफळींवर येते, त्या नव्याने लावल्या तरी उत्पन्न मिळण्यास सात-आठ वर्षे लागतात. ज्या घराची वाडी गेली, त्याच्या दृष्टीने नुकसान एका दुपारचे नव्हते, जवळजवळ एका दशकाचे होते. ‘बचावली’ या क्रियापदाचा कर्ता त्या दिवशी फक्त मुंबई होती, हे वृत्तांत वाचताना ध्यानात घ्यावे लागते.

वर्षही उलटले नव्हते तोच, 17 मे 2021 रोजी, ‘तौक्ते’ मुंबईच्या पश्चिमेकडून, समुद्रावरूनच उत्तरेस सरकले आणि त्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर गेले. त्याचे केंद्र मुंबईच्या जमिनीला लागलेच नाही, तरी कुलाब्यात वाऱ्याचा झोत ताशी 100 किलोमीटरच्या वर गेला, झाडे कोसळली, विमानतळ काही तास बंद राहिला. शहर पुन्हा थोडक्यात सुटले. त्याच वेळी मुंबई हाय तेलक्षेत्राजवळ ‘पी-305’ या निवासी बार्जचे नांगर तुटले होते. तिच्यावर 261 माणसे होती. ती बुडाली, तेव्हा ही माणसे जीवरक्षक जाकिटे घालून खवळलेल्या समुद्रात तरंगत राहिली. नौदलाच्या जहाजांनी आणि हेलिकॉप्टरांनी त्यांपैकी 180 हून अधिक जणांना एकेक करून पाण्याबाहेर काढले. उरलेले परतले नाहीत.