धागा : चौघांची टेहळणी आणि अडीचशे माणसांची वाट (युटा, १८७९-८०)

१/ डिसेंबर १८७९. अमेरिकेतील युटाच्या वाळवंटात सुमारे २५० स्त्री-पुरुष व मुले, ८३ वॅगन आणि हजारांहून अधिक जनावरे एका कड्याच्या अलीकडे अडकून पडली होती. समोर कोलोरॅडो नदीची दरी होती आणि मागचे डोंगर बर्फाने बंद झाले होते. हा सगळा तांडा टेहळणीच्या एका अपुऱ्या अहवालावर विसंबून तिथवर आला होता. 🧵

२/ हे लोक मॉर्मन पंथाचे. युटाच्या आग्नेय कोपऱ्यात, सॅन वान नदीकाठी वसाहत करण्याची आज्ञा त्यांना चर्चकडून झाली होती. प्रश्न वाटेचा होता. त्यांची गावे आणि सॅन वान यांच्या मधोमध लाल वालुकाश्माचा प्रदेश पसरला आहे. तिथे शेकडो घळी एकमेकींत शिरतात आणि सपाट वाटणारे पठार अचानक तुटून खाली कडा लागतो.

३/ एप्रिल १८७९ मध्ये सायलस स्मिथ यांच्या नेतृत्वाखाली पहिली शोधतुकडी निघाली. ती दक्षिणेकडून, नावाहो लोकांच्या प्रदेशातून गेली. तिथे पाण्याची टंचाई होती आणि संघर्षाचेही भय होते. मॉन्टेझुमा येथे दोन कुटुंबांना मागे ठेवून तुकडी उत्तरेकडून परतली. ती वाट सोयीची, पण फार लांबची. सप्टेंबर उजाडला तरी मनाजोगता मार्ग सापडला नव्हता.

४/ अशा वेळी एस्कलांटे गावातून एक सुवार्ता आली : नाकासमोर पूर्वेला जाणारी जवळची वाट शक्य आहे! ती आणणाऱ्यांनी वॅगनच्या पेटाऱ्याची नाव करून नदी ओलांडली होती. मात्र सॅन वानपर्यंतचा सगळा टप्पा त्यांनी पायाखाली घातलेला नव्हता. सहा आठवड्यांत पोहोचू, असा हिशेब करून तांडा निघाला.

५/ टेहळणीतला मूळ दोष इथेच होता. ‘माणूस पलीकडे जाऊ शकतो का?’ आणि ‘भरलेली वॅगन पलीकडे जाऊ शकते का?’ हे दोन अगदी वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर ‘हो’ होते. तांड्याने तेच दुसऱ्याचेही उत्तर मानले.

६/ नोव्हेंबरअखेर तळावरून तेरा जण नदीपलीकडचा प्रदेश पाहण्यास गेले. परतल्यावर त्यांच्यात मतभेद झाले आणि बहुतेकांचा कौल प्रतिकूल होता. पण एस्कलांटेचे डोंगर बर्फाखाली गेलेले, जनावरांचा चारा संपत चाललेला. मागे फिरण्याचा मार्गच उरला नव्हता. बैठकीत पुढे जाण्याचे ठरले.

७/ कड्याला एक उभी चीर होती. सह्याद्रीतले भटके जिला ‘नाळ’ म्हणतात, त्याच जातीची. पण इतकी अरुंद की तिच्यातून वॅगन जाणे अशक्य. नदी सुमारे हजार फूट खाली आणि तिथवरचे अंतर जेमतेम पाऊण मैल. या चिरेचे नाव पुढे ‘होल-इन-द-रॉक’ असे रूढ झाले. सुरुंग लावून ती रुंद करण्याचे काम सुरू झाले.

८/ पण नदी ओलांडल्यावर पुढे काय? ते शोधण्यासाठी १७ डिसेंबरला चौघे निघाले : जॉर्ज हॉब्ज, जॉर्ज मॉरेल, जॉर्ज सेव्ही आणि लेम्युएल रेड. बरोबर शिधा होता आठ दिवसांचा. चढ, दऱ्या, पाणी, वळसे हे सगळे त्यांना वॅगनच्या दृष्टीने पाहायचे होते.

९/ नदीपलीकडच्या पठारावर चालता चालता ते गुळगुळीत कातळाच्या कडेला येऊन थांबले. खाली उतरण्याची जागा दिसेना. हॉब्ज यांच्या आठवणीनुसार, तिथे एक रानमेंढा त्यांच्या दृष्टीस पडला. त्याच्या मागोमाग जाताना कातळावरून उतरणारी वाट त्यांना सापडली. पुढे वॅगनचा रस्ता याच उतारावर खोदला गेला.

१०/ त्यानंतर ग्रँड गल्च आडवी आली. ही लांबलचक, खोल घळ थेट ओलांडणे शक्य नव्हते. तिच्या माथ्याला वळसा घालावा लागला. बर्फ पडत होते, शिधा संपला आणि दिशाही हरवली. नाताळच्या दिवशी हॉब्ज एका टेकाडावर चढले. तिथून त्यांना अबाहो पर्वत, म्हणजे त्यांच्या परिचयाचे ‘निळे डोंगर’, दिसले. त्या खुणेवरून सॅन वानची दिशा निश्चित झाली. ते टेकाड आज ‘सॅल्व्हेशन नोल’, म्हणजे ‘तारणाचे टेकाड’ या नावाने ओळखले जाते.

११/ उपाशीपोटी ते मॉन्टेझुमाला पोहोचले, तर तिथल्या कुटुंबांचेही धान्य संपत आले होते. चौघांनी विश्रांती फारशी घेतलीच नाही. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ते तांड्याकडे परत आले. रस्ता बिकट आहे, पण काढता येईल, हे आता ती सगळी वाट चाललेली माणसे सांगत होती.

१२/ इकडे नाळेत काम चालूच होते. वेल्समध्ये खाणकाम केलेल्या बेंजामिन पर्किन्स यांनी एका अवघड जागी कातळाच्या भिंतीत छिद्रे पाडली, त्यांत ओकच्या मेखा ठोकल्या आणि वर लाकूड, दगड व माती रचली. वॅगनची बाहेरची चाके या टांगत्या कठड्यावरून गेली. २६ जानेवारी १८८० रोजी पहिल्या वॅगन उतरल्या : मागची चाके साखळदंडाने जखडलेली आणि दोर धरून मागे ओढणारी माणसे.

१३/ त्यापुढचा रस्ताही जागोजागी फोडावाच लागला. अखेरच्या सॅन वान टेकडीवर घोड्यांच्या सात-सात जोड्या एकेका वॅगनला जुंपल्या गेल्या. ६ एप्रिलला थकलेला तांडा मॉन्टेझुमाच्या काही मैल अलीकडेच थांबला. तेच आजचे ब्लफ गाव. सहा आठवड्यांच्या प्रवासाला जवळपास सहा महिने लागले. वाटेत कोणी दगावले नाही. उलट बाळे जन्मली.

१४/ एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. हा प्रदेश ‘अज्ञात’ होता तो केवळ या तांड्यासाठी. युट, पायूट आणि नावाहो लोकांचा इथे वावर होता. त्यांच्याही कितीतरी आधी प्राचीन प्युएब्लो लोकांनी या कड्यांत बोटे-पाय रोवण्यापुरत्या खोबण्या कोरल्या होत्या. त्यांच्याकडे चाकाची गाडी नव्हती, म्हणून त्यांच्या वाटांना रस्ता लागत नव्हता.

१५/ इतक्या कष्टाने काढलेला हा रस्ता फार काळ चालला नाही. १८८१ मध्ये चार्ल्स हॉल यांनी नदीच्या वरच्या अंगाला सोपी जागा शोधून तिथे तर सुरू केली. होल-इन-द-रॉकचा पायथा आज ग्लेन कॅन्यन धरणाच्या पाण्याखाली आहे.

१६/ सर्वेक्षणाचा इतिहास वाचताना ‘वाट कोणी शोधली?’ हे सहज विचारले जाते. त्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारायला हवेत : ती वाट कोणासाठी शोधली होती आणि शोधणारा तिच्यावरून कुठवर चालला होता? एस्कलांटेच्या सुवार्तेला हे प्रश्न वेळीच विचारले असते, तर कदाचित तांड्याने दुसरी वाट धरली असती. त्यांची उत्तरे चौघांनी उपाशीपोटी मिळवली, तोवर माघारीची वेळ निघून गेली होती.

#इतिहास #धागा