पाळीवरची निर्गुडी

भंडारा जिल्ह्यातल्या लाखनी तालुक्यात, आमच्या गावात निर्गुडी कोणी मुद्दाम लावल्याचे मला आठवत नाही. तलावाच्या पाळीवर, शेताच्या धुऱ्यावर ती आपोआप असायची. धानाच्या रोवणीचे दिवस आले की मात्र रोज संध्याकाळी तिची आठवण व्हायची. माय दिवसभर बांधीत वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, लावायची. घरी येऊन पायांचा चिखल धुतला, भिंतीला पाठ टेकली, की म्हणायची, "जाय बा, पाळीवरून निर्गुडीचा पाला आन."

मोहाच्या टोळीचे तेल तिच्या कंबरेला चोळायचे, तव्यावर मऊ पडेपर्यंत शेकलेला पाला वर ठेवायचा आणि जुन्या लुगड्याच्या पट्टीने घट्ट बांधायचा. घरभर उग्र वास. सकाळी माय पुन्हा बांधीत.

हा उपाय इकडच्या रोवणीइतकाच जुना असावा, असे मला वाटते. आवत्या धानाचे बी फेकून पेरतात. रोवणीत मात्र एकेक रोप वाकून लावावे लागते. त्यासाठी लागणारे पाणी कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांनी दिले. त्या तलावांवरची मालगुजारांची मालकी १९५१ साली गेली, हे इतिहासात लिहिलेले आहे. बायांच्या कंबरांचा इतिहास या पाल्यातच शोधावा लागतो.

ग्रंथांत मात्र निर्गुडी आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताने १५६३ साली गोव्यात छापलेल्या औषधींच्या ग्रंथात निर्गुडीवर एक अख्खा संवाद लिहिला. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली तिला 'व्हायटेक्स नेगुंडो' म्हटले. त्या नेगुंडोत आपली निर्गुंडीच आहे.

निर्गुडीच्या पानांत कॅस्टिसिन नावाचे द्रव्य असते. निर्गुडीच्याच कुळातल्या एका झुडपातून काढलेल्या कॅस्टिसिनने आकसलेल्या श्वासनलिकेचा स्नायू सैल पडतो, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. पण श्वासनलिकेचा स्नायू आपल्या इच्छेने हलत नाही, कंबरेचा हलतो; एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला लावता येत नाही. मायच्या कंबरेला उतार पडायचा, त्यात शेकाचा आणि चोळण्याचा वाटा मोठा असणार. पाल्याचा किती, ते मोजायला कोणीतरी आमच्या बांधीवर यावे, ही माझी मनापासून इच्छा आहे.

रोवणी अजून बायाच करतात. म्हणून धुरा साफ करताना एवढे झुडूप राहू द्या. तुमच्या पाळीवर नसेल तर पावसाळ्यात एक फांदी खोचा. निर्गुडी फांदीपासूनही लागते.