शाळा वऱ्हाडच्या, किल्ली नागपूरची

१/ अकोल्याच्या जुने शहरातून मोर्णा ओलांडली की ताजनापेठेचा भाग लागतो. इंग्रजी अमदानीत सरकारी कचेऱ्या आणि साहेबांची वस्ती याच पूर्वतीरावर उभी राहिली. असदगडाच्या आश्रयाचे गाव पश्चिमेला, कारभार पूर्वेला. पण गावातल्या प्राथमिक शाळेचे भवितव्य ठरवणारी सत्ता या दोन्ही काठांवर नव्हती. ती आगगाडीने सुमारे २५० किलोमीटर दूर, नागपुरात होती. शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांना कायदेमंडळाकडून काय हवे होते, आणि मागणारांपैकीच एक जण मंत्री झाला तेव्हा काय घडले, याविषयीचा हा धागा.

२/ वऱ्हाडची घटनात्मक अवस्था विचित्र होती. १९०२ साली कर्झनने निजामाकडून हा प्रदेश वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने घेतला आणि ऑक्टोबर १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला. सार्वभौमत्व कागदोपत्री निजामाचेच राहिले. परिणामी १९१९ च्या सुधारणांनंतर वऱ्हाडी मतदारांनी नागपूरच्या कायदेमंडळावर निवडून दिलेले १७ सभासद सरकारी दप्तरात ‘नामनियुक्त’ म्हणून नोंदले जात. नागपुरात संमत झालेला कायदाही वऱ्हाडला आपोआप लागू होत नसे, त्यासाठी वेगळा हुकूम काढावा लागे.

३/ खेड्यांतील शाळांचा भार डिस्ट्रिक्ट कौन्सिलांवर आणि शहरांतील शाळांचा नगरपालिकांवर होता. आजच्या जिल्हा परिषदेची ही आजीच म्हणावी. तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात वाशीम आणि मंगरूळपीरही मोडत असल्याने पसारा मोठा होता.

४/ प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार स्थानिक संस्थेला द्यावा, ही कल्पना गोखल्यांच्या १९११ च्या विधेयकातली. केंद्रीय कायदेमंडळाने १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले. पुढे प्रांतोप्रांती तसेच कायदे झाले. मध्य प्रांताचा प्राथमिक शिक्षण कायदा १९२० चा. त्यात मेख अशी होती की सक्ती लागू करायची ती स्थानिक संस्थेने, योजना आखायची तीही तिनेच, परंतु मंजुरी मात्र प्रांतिक सरकारची. सक्ती म्हणजे अधिक शिक्षक, अधिक खोल्या, अधिक पैसा. पैसा दोनच वाटांनी येऊ शकत होता : रयतेवर कर बसवून, नाही तर नागपूरच्या अनुदानातून.

५/ म्हणून मागण्यांचे स्वरूप उघड होते. योजनेला मंजुरी हवी, अनुदान हवे, आणि वऱ्हाडच्या महसुलातला वाजवी वाटा वऱ्हाडवरच खर्च व्हायला हवा. हा शेवटचा मुद्दा सर्वांत चिघळला. कापसाच्या काळ्या जमिनीचा सारा मोठा, आणि त्या पैशावर मध्य प्रांत पोसला जातो ही भावना वऱ्हाडात खोल रुजलेली होती. खर्चाच्या वाटणीसाठी ठरलेले ‘सिम सूत्र’ पुढे कित्येक वर्षे वादाचा विषय राहिले.

६/ दरम्यान नागपुरात वेगळेच नाट्य रंगले. १९२३ च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाला बहुमत मिळाले आणि १९२४ मध्ये सभागृहाने मंत्र्यांचे वेतन वर्षाला २ रुपये ठरवले. हेतू द्विदल राज्यपद्धती मोडण्याचा होता आणि तो सफल झाला. मंत्री गेले, खाती गव्हर्नरने स्वतःकडे घेतली. राष्ट्रीय राजकारणाच्या दृष्टीने हा विजय होता, यात शंका नाही. पण त्या काळात शाळेचे गाऱ्हाणे घेऊन नागपूरला जाणाऱ्यापुढे लोकांना जबाबदार असा शिक्षणमंत्रीच नव्हता. इतिहासलेखनात या बाजूकडे फारसे पाहिले जात नाही.

७/ १९२६ साली डॉ. पंजाबराव देशमुख विलायतेतून बॅरिस्टर होऊन परतले. अमरावती जिल्ह्यातील पापळ गावच्या शेतकरी घरातला हा मुलगा एडिंबरो आणि ऑक्सफर्डमध्ये शिकून आला होता. १९२८ मध्ये ते अमरावती डिस्ट्रिक्ट कौन्सिलचे अध्यक्ष झाले. सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करणे हा त्यांचा गाजलेला निर्णय. दुसरा निर्णय राजकीयदृष्ट्या अधिक धोक्याचा होता : शिक्षणप्रसारासाठी त्यांनी कर वाढवला. शेतकऱ्यांचा कैवारी शेतकऱ्यांवरच कर बसवतो, हे विरोधकांना आयते कोलीत होते. नागपूरच्या अनुदानाची वाट पाहत बसायचे की आपल्याच माणसांकडून पैसा उभा करायचा, या पेचात त्यांनी दुसरी वाट धरली.

८/ १९३० मध्ये ते कायदेमंडळात निवडून आले आणि थेट मंत्री झाले. शिक्षण, शेती व सहकार ही खाती त्यांच्याकडे आली. कालपर्यंत जिल्ह्याच्या बाजूने मागणारा माणूस आता देणाऱ्याच्या खुर्चीत होता. येथेच द्विदल पद्धतीची खरी गाठ होती. शिक्षण हे ‘सोपीव’ खाते, म्हणून ते मंत्र्याकडे. अर्थ हे ‘राखीव’, म्हणून ते गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे. शिक्षणमंत्र्यालाही तिजोरीसमोर मागणाराच व्हावे लागे.

९/ काळही वाईट होता. जागतिक मंदीने कापसाचा भाव कोसळला, त्याबरोबर वऱ्हाडची करक्षमता. त्यातच १९२९ चा हार्टॉग समितीचा अहवाल सरकारच्या हाती होता. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२२-२३ साली पहिलीत असलेल्या दर १०० मुलांमागे १९२५-२६ साली चौथीत जेमतेम १८ उरले, असे त्याने दाखवले आणि विस्तारापेक्षा आहे ते सुधारण्यावर भर दिला. आकडे खरेच होते. पण काटकसर करू पाहणाऱ्या खजिनदाराला याहून सोयीचा पुरावा कोणता? वेचणीच्या हंगामात ज्या घराला पोराचे हात शेतात लागतात, तिथे गळती ही केवळ शाळेच्या दर्जाची गोष्ट नसते.

१०/ मंत्रिपदावर असतानाच, १९३२ मध्ये, पंजाबरावांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. शिक्षणमंत्र्याने खासगी संस्था काढावी, यात त्या पदाच्या मर्यादेची कबुली दिसते. १९३३ मध्ये मंत्रिपद संपले. संस्था वाढत राहिली. अकोल्यातील शिवाजी महाविद्यालय हे १९५४ चे, तिचेच.

११/ ‘किल्ली कोणाकडे’ हा प्रश्न पुढे राज्यरचनेच्या वादात शिरला. ८ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, अकोला करार झाला. संयुक्त महाराष्ट्रात वऱ्हाड-नागपूरचा स्वतंत्र उपप्रांत असावा, त्याला स्वतःचे कायदेमंडळ आणि मंत्रिमंडळ असावे, असे त्यात ठरले. ते प्रत्यक्षात आले नाही. १९५३ च्या नागपूर करारात उपप्रांत उरला नाही. त्याच्या जागी निधीची न्याय्य वाटणी आणि धंदेशिक्षणाच्या संस्थांत प्रवेशाची हमी आली. राज्यघटनेच्या ३७१ (२) कलमातही तंत्रशिक्षणाच्या पुरेशा सोयींचा उल्लेख आहे.

१२/ डिस्ट्रिक्ट कौन्सिले १९४८ च्या कायद्याने गेली आणि तालुकावार जनपद सभा आल्या. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या, तेव्हा अकोला जिल्ह्याच्या खेड्यांतील प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. शिक्षकांच्या पगाराचे अनुदान तेव्हापासून मुंबईहून येते. अकोल्याहून मुंबई आगगाडीने सुमारे ५८० किलोमीटर आहे.