गोधडीचे कापड

गोधडीचे कापड म्हणजे गोधडी किंवा वाकळ शिवताना वरचा थर, आतले थर आणि अस्तर यांसाठी वापरले जाणारे सुती कापड. गोधडीत कापडाचे अनेक थर एकावर एक अंथरून हाताने धावदोरा घातला जातो. त्यामुळे सदऱ्याला किंवा चादरीला उत्तम ठरणारे कापड गोधडीलाही उत्तम ठरेलच असे नाही. सुई सहज आरपार जाणे, सर्व थर धुतल्यावर सारखेच आटणे आणि रंग न सुटणे या गोष्टी येथे निर्णायक असतात. कापड चुकल्यास कित्येक आठवड्यांचे हातकाम पहिल्याच धुण्यात बिघडू शकते.

पार्श्वभूमी

गोधडीसाठी कापड विकत घेण्याची रीत महाराष्ट्रात मुळात नव्हती. जुनी लुगडी, धोतरे आणि चादरी यांतूनच ती शिवली जाई. वर्षानुवर्षे धुतल्याने ही वस्त्रे आटून, मऊ होऊन आणि जादा रंग सोडून स्थिरावलेली असत. कापडाची परीक्षा वापरातच होऊन जाई. नायलॉन, टेरिलीन आणि पॉलिएस्टरच्या साड्या घरोघरी आल्यावर हा साठा आटला. कृत्रिम धाग्याचे कापड निसरडे असल्याने थर सरकतात आणि ते घामही फारसा शोषत नाही. साहजिकच नवे कापड विकत घेणे व ते पारखणे भाग पडले.

अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यातील हिवरखेड हे गाव वऱ्हाडच्या कापूसपट्ट्यात येते. वऱ्हाडचा कापूस ब्रिटिश काळातील व्यापारात ‘उमरा’ या नावाने ओळखला जाई. हे नाव उमरावती, म्हणजे अमरावतीवरून पडले. त्या देशी कापसाचा तंतू आखूड असल्याने सूत जाडेभरडे निघे. गोधडीच्या दृष्टीने हा दोष नव्हता. 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाल्यानंतर लांब तंतूच्या संकरित वाणांचे क्षेत्र वाढले. आता या भागातील रुई गाठी बांधून बाहेर जाते. बाजारात येणारे कापड बहुधा इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी येथील यंत्रमागांचे आणि साड्या सुरतेच्या असतात. कापूस पिकवणाऱ्या घरालाही अस्सल सुती कापड पारखून घ्यावे लागते, ते यामुळे.

दुकानातील पारख

नवे कापड खळीमुळे भरदार भासते. कापडाचा कोपरा दोन बोटांत जोराने चोळल्यावर पांढरी भुकटी पडली किंवा तो भाग एकदम लुळा झाला, तर वजनाचा मोठा वाटा खळीचाच आहे असे समजावे. कापड उजेडासमोर धरल्यास वीण दिसते. धाग्यांमधील अंतर थोडे असले तरी चालते, मात्र ते सर्वत्र सारखे हवे.

दाट विणीचे कापड महाग आणि टिकाऊ असले तरी हाताच्या गोधडीला ते त्रासदायक ठरते. 60 नंबरी सुताच्या केंब्रिकमध्ये इंचाला 92 उभे व 88 आडवे धागे असणे सर्वसामान्य आहे. असे कापड वरच्या थराला शोभते, पण चार-पाच थर त्याचेच घेतल्यास सुई अडते. अस्तराला मांजरपाट स्वस्त आणि सोयीचा असतो, मात्र तो कोरा असल्याने बराच आटतो. सुताच्या नंबरात मोठा आकडा म्हणजे बारीक सूत. जाड कापड हवे असणाऱ्यांचा येथे हमखास गोंधळ होतो.

भेसळ ओळखण्यासाठी किनारीचे एक-दोन धागे काढून जाळून पाहतात. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि हलकी राख उरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. दोन्ही खुणा एकत्र दिसल्यास कापड मिश्र असते. मुठीत चुरगाळल्यावर सुरकुती न पडणे हाही मिश्रणाचा संशय घेण्याजोगा पुरावा आहे.

दर मीटरवर सांगितला जात असल्याने पन्हा विचारणे आवश्यक ठरते. 36 इंच पन्ह्याचे 5 मीटर कापड 44 इंच पन्ह्याच्या सुमारे 4 मीटरइतकेच भरते.

आटणे आणि रंग

कापडाचा 25 सेंटीमीटरचा चौरस कापून, धुऊन आणि वाळवून पुन्हा मोजतात. तो 24 सेंटीमीटर भरल्यास आटण्याचे प्रमाण 4 टक्के होते. 2 मीटरच्या गोधडीत हा फरक 8 सेंटीमीटरचा पडतो. एक थर आटला आणि दुसरा नाही, तर टाक्यांमधून कायमचे फुगे येतात. यास्तव सर्व कापड शिवण्यापूर्वी धुणे हाच खात्रीचा उपाय आहे. रंगासाठी ओला पांढरा फडका कापडावर घासतात. गडद लाल, निळा आणि काळा यांबाबत ही चाचणी टाळू नये. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो हा समज रूढ असला, तरी आधीच रंगवलेल्या कापडाबाबत त्यावर विसंबता येत नाही.

ऑनलाइन खरेदी

छायाचित्रावरून पोत कळत नाही. तेथे धाग्याचा प्रकार, पन्हा आणि प्रति चौरस मीटर वजन, म्हणजे जीएसएम, हे तपशील पाहावे लागतात. अमेरिकेतील तुकडेजोड रजयांसाठी साधारण 145 जीएसएमचे कापड वापरले जाते, कारण तेथे दोन थरांमध्ये वेगळे भरण असते. गोधडीत भरणाचे काम कापडच करते. 120 जीएसएमचे चार थर घेतल्यास 2 मीटर लांब व दीड मीटर रुंद गोधडीचे वजन सुमारे 1.4 किलो होते. ‘कॉटन फील’ किंवा ‘कॉटन ब्लेंड’ म्हणजे शुद्ध सुती नव्हे. 2006 पासूनचे हातमाग चिन्ह विणकामाची पद्धत सांगते, मऊपणा नव्हे. कापलेले कापड अनेक विक्रेते परत घेत नाहीत, म्हणून आधी अर्धा मीटर मागवून धुऊन पाहणे स्वस्त पडते. होजिअरीचे कटपीस वजनावर स्वस्तात मिळतात, पण ते ताणले जात असल्याने मागावरच्या कापडाबरोबर एकाच गोधडीत वापरत नाहीत.