पतंगाच्या मिशा

शाळेत शिकवत असताना मी मुलांना एक सोपा नियम सांगत असे. दिवसा उडते ते फुलपाखरू, रात्री दिव्यावर येतो तो पतंग. एका पावसाळ्यात सातवीतला एक मुलगा खोक्यात एक निळसर, काळ्या ठिपक्यांचा जीव घेऊन आला. भर दुपारी पकडलेला. "गुरुजी, हा पतंग आहे. याच्या मिशांना टोकाला गाठ नाही." मी म्हटले, "फुलपाखरू आहे ते, बस खाली." वर्ग हसला.

निवृत्तीनंतर एका पुस्तकात तेच चित्र दिसले. डिस्फॅनिया पर्कोटा, दिवसा उडणारा पतंग! १८९१ साली त्याचे वर्णन करून हे नाव दिले चार्ल्स स्विन्हो यांनी. हे इंग्रज लष्करी अधिकारी. १८८३ साली मुंबईत ज्या आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली, त्यांतले एक. मुंबई आणि दख्खनमधील फुलपाखरे व पतंग यांवरचा त्यांचा लेख १८८५ साली लंडनमध्ये छापून आला होता.

त्या काळच्या अभ्यासकांनी या कीटकांचे दोन गट केले होते ते मिशांवरूनच, म्हणजे शृंगिकांवरून. टोकाला गदेसारखी गाठ असेल तर फुलपाखरू. दोऱ्यासारख्या, पिसासारख्या, कंगव्यासारख्या असतील तर पतंग. यालाही अपवाद आहेत, पण घड्याळापेक्षा ही खूण कितीतरी भरवशाची.

पुढची पायरी अवघड. हजारो पतंगांत नेमका कोणता? रंगावर विसंबावे तर तो विटतो, शिवाय नर-मादीत फरक असतो. निलगिरीत चहाची लागवड करायला आलेले जॉर्ज हॅम्पसन मायदेशी परतून लंडनच्या संग्रहालयात काम करू लागले. १८९२ ते १८९६ या काळात त्यांनी हिंदुस्थानातल्या पतंगांवर चार खंड लिहिले. त्यांचा मोठा आधार पंखांतल्या शिरा. प्रत्येक शिरेला आकडा. कोणती शीर कुठून फुटते, कोणती कोणाला मिळते, यावरून कुळ आणि जात ठरवत जायचे. पंखांवरच्या खवल्यांखाली दडलेल्या शिरा वाचायच्या म्हणजे केवढी चिकाटी!

पुढे तेवढ्यानेही भागेना. हुबेहूब सारखे दिसणारे पतंग वेगळे करायला सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची जननेंद्रिये तपासू लागले. २००३ साली कॅनडातल्या पॉल हेबर्ट यांनी डीएनएच्या छोट्या तुकड्यावरून जात ओळखण्याची पद्धत मांडली, तीही पतंगांवर पडताळून. तरीही पहिली नजर आजही पंखांवर आणि मिशांवरच जाते.

त्या मुलाने तेच केले होते. त्याने जीव निरखला. मी फक्त वेळ विचारात घेतली. माझ्या हातात खोके होते, झाकण उघडे होते, वाकून पाहायला अर्धे मिनिट लागले असते. तो आता कुठे असतो, ठाऊक नाही. त्या दिवसानंतर त्याने वर्गात पुन्हा काही आणले नाही, एवढे मात्र आठवते.