ऑनलाइन खरेदीत बनावट वस्तू मिळाल्यास ग्राहकाचे अधिकार

ऑनलाइन मागवलेली वस्तू बनावट निघाल्यास ती परत घेण्यास अथवा तिची किंमत परत करण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० मध्ये तशी तरतूद आहे.

ग्राहकाने प्रथम संबंधित संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. या अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे बंधनकारक आहे. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर संपर्क साधता येतो. मात्र ही हेल्पलाइन केवळ तडजोडीचा प्रयत्न करते; आदेश देण्याचा अधिकार ग्राहक आयोगाला आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहकाला स्वतःच्या निवासाच्या किंवा कामाच्या जिल्ह्यातील आयोगाकडे दाद मागता येते. विक्रेता दूरच्या राज्यात असला, तरी तेथे जाण्याची आवश्यकता नसते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रार शुल्क नाही, तसेच वकील नेमण्याची सक्तीही नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते.

वस्तू परत पाठवल्यावर मुख्य पुरावाच हातचा जातो. त्यामुळे तत्पूर्वी वस्तू व वेष्टनाची छायाचित्रे काढून, देयक, मूळ जाहिरात आणि विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार जतन करणे हितावह ठरते.