वावड्याची पारख

अंगावर पित्त उठले की आपल्याकडे पहिली चौकशी होते ती जेवणाची. काल वांगे खाल्ले होते काय? मग आमसुलाचे पाणी अंगाला चोळले जाते आणि घरातील वडील माणूस निकाल देते की, याला वांगे वावडे आहे. हा निकाल पुष्कळदा जन्मभर टिकतो. तो कोणत्या पुराव्यावर दिला, हे कोणी विचारीत नाही. त्या पुराव्याच्या शोधाचा इतिहास आज आपल्याला पाहावयाचा आहे.

माधवनिदानात रोग जाणण्याची जी पाच साधने सांगितली आहेत, त्यांत उपशय हे एक. आहार वा औषध देऊन पाहावे आणि रोग शमतो की वाढतो यावरून तो ओळखावा, असा त्याचा आशय. एवढ्यावरून प्राचीनांना ॲलर्जी ठाऊक होती असा डांगोरा आम्ही पिटणार नाही. पुण्यात ते काम करणारे पुष्कळ आहेत. पण देऊन पाहण्याची कसोटी जुनी आहे, हे ध्यानात असावे.

‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाच्या फॉन पिर्के यांनी 1906 मध्ये घडविला. पुढे 1912 मध्ये न्यूयॉर्कच्या ऑस्कर श्लॉस यांच्याकडे अंडे, बदाम व ओट न सोसणारा एक मुलगा आला. त्याची त्वचा किंचित खरवडून त्यांनी तीवर त्या अन्नाचा अंश लावला, तो गांध उठली. पण गांध उठविणारे द्रव्य असते कोठे? याचे उत्तर 1921 मध्ये जर्मनीतील प्राउसनिट्झ आणि क्युस्टनर यांनी मोठ्या धाडसाने दिले. क्युस्टनरांना मासे वावडे होते, प्राउसनिट्झना नव्हते. प्राउसनिट्झनी क्युस्टनरांच्या रक्तातील द्रव स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. मासे खुशाल खाणाऱ्या माणसाच्या अंगावर गांध उठली! वावडे रक्तातून दुसऱ्याला देता येते, हे ठरले. रक्तातले ते द्रव्य, इम्युनोग्लोब्युलिन-ई, हाती येण्यास मात्र 1966-67 साल उजाडले. इशिझाका दांपत्याने अमेरिकेत आणि योहान्सन व बेनिच यांनी स्वीडनमध्ये ते स्वतंत्रपणे शोधले. लवकरच रक्ततपासणीही निघाली.

येथे शोध संपला असे कोणास वाटेल. वस्तुतः खरी अडचण येथेच सुरू झाली. त्वचेवर गांध उठते, रक्तात ते द्रव्य सापडते, आणि तरी माणूस तो पदार्थ निर्वेध पचवितो, असे पुष्कळदा घडते. म्हणून डेन्व्हरच्या चार्ल्स मे यांनी 1976 मध्ये दम्याच्या मुलांना संशयित अन्न कॅप्सूलमध्ये दडवून दिले. कोणत्या कॅप्सूलमध्ये अन्न आणि कोणत्यात नुसती भुकटी, हे ना मुलाला ठाऊक, ना तपासणाऱ्याला. आईबापांनी सांगितलेली कित्येक वावडी या कसोटीस उतरली नाहीत. उपशयच हा, पण मनाचे खेळ वगळलेला. मुंबईच्या पाटील, निफाडकर व बापट यांनी हरभऱ्याचे वावडे 2001 मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा रुग्णाची हकीकत, त्वचाकसोटी आणि असे झाकून खाऊ घालणे, तिन्हींचा आधार घेतला. ज्या प्रांतात पिठल्यापासून लाडवापर्यंत बेसन आहे, तेथे एवढी खातरजमा हवीच.

आज नुसत्या रक्ताच्या कागदावरून पोराचे दूध, डाळ, शेंगदाणे एकदम तोडणारी घरे आम्ही पाहतो. वाढत्या अंगाचे पोषण त्यात जाते. उलट, खरे वावडे असेल तर एक घासही प्राणावर बेततो. म्हणून ही कसोटी घरी करून पाहण्याची नव्हे. डॉक्टरांच्या देखत, ॲड्रेनलिनची सुई जवळ ठेवून, कणाकणाने मात्रा वाढवीत ती घेतात. दूध व अंडे यांचे वावडे पुष्कळ मुलांत वाढत्या वयाबरोबर जाते. तेव्हा काही वर्षांनी ती पुन्हा घ्यावी लागते.